घरगुती धुणे : पाणी, विज्ञान आणि श्रम

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या धोरणात दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला एक आकडा स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. दरडोई दररोज ४० लिटर, हा तो आकडा होय. १९७२-७३ मध्ये सुरू झालेल्या वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमाने तो रूढ केला. या ४० लिटरची विभागणी मात्र क्वचितच वाचली जाते. पिण्यासाठी ३ लिटर, स्वयंपाकासाठी ५, स्नानासाठी १५, भांडी व घराच्या स्वच्छतेसाठी ७ आणि शौचासाठी १० लिटर असा तो हिशेब होता. येथे बेरीज पूर्ण होते. कपडे धुण्यासाठी त्यात एक लिटरही पाणी धरलेले नव्हते.

याउलट, शहरी घरांसाठी भारतीय मानकात जी १३५ लिटरची विभागणी दिली जाते, तीत कपड्यांसाठी दरडोई २० लिटर पाण्याची स्पष्ट तरतूद आहे. याचा अर्थ खेड्यातील माणसे कपडे धूत नव्हती असा नव्हे. धुणे घरी होणार नाही, ते नदीवर, तळ्यावर अथवा विहिरीवर जाईल, असे गृहीत धरले गेले होते. ते गृहीतक स्त्रियांच्या डोक्यावरून वाहिले जात होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४६.६ टक्के कुटुंबांनाच पिण्याच्या पाण्याचा स्रोत घराच्या आवारात उपलब्ध होता. इतरांच्या बाबतीत पाणी घरी आणणे किंवा कपडे पाण्यापाशी नेणे, हे दोनच पर्याय होते. आणि ओल्या कपड्यांचे ओझे कोरड्या कपड्यांच्या दुप्पट होते, हे घाटाची चढण चढून येणारीलाच ठाऊक.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण कुटुंबास नळाद्वारे दरडोई ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या वेळी ३.२३ कोटी ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. नळ अंगणात आला की धुणेही अंगणात येते. त्यासाठी यंत्र येतेच असे नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या काळात (२०१९-२१) धुलाई यंत्र असलेल्या कुटुंबांचे प्रमाण देशात एक-पंचमांशाहूनही कमी होते आणि ग्रामीण भागात ते त्याहून बरेच खाली होते. म्हणजे भारतातील बहुसंख्य कपडे आजही बादली, दगड, हात आणि दोरी यांच्याच आधारे स्वच्छ होतात. नियोजनाच्या दृष्टीने दुर्लक्षित राहिलेल्या या कामात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचे अभ्यासक्रमातील अनेक घटक एकत्र येतात.

पाण्याचा कठीणपणा आणि साबणाचा अपव्यय

साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलकट मळाकडे आकर्षित होते. त्यामुळे मळाचे सूक्ष्म कण कापडापासून सुटून पाण्यात तरंगत राहतात. परंतु पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असल्यास साबण प्रथम त्यांच्याशी संयोग पावतो आणि पांढरट, चिकट साका तयार होतो. असे पाणी कठीण अथवा दुष्फेन म्हटले जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती ६०० मिलिग्रॅमपर्यंत शिथिल होते. पिण्यास चालणारे पाणी धुण्यास परवडणारे असेलच असे नाही, हे पुढील गणितावरून दिसेल.

लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यात कॅल्शियमचे सुमारे ३ मिलिमोल असतात. प्रत्येक कॅल्शियम आयन साबणाचे दोन रेणू अडवतो. साबणाचा रेणुभार साधारण ३०६ धरल्यास प्रत्येक लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम साबण फेस येण्यापूर्वीच वाया जातो. वीस लिटरच्या बादलीत हा अपव्यय ३६ ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे मोठ्या वडीचा एक लचकाच बादलीच्या तळाशी साका होऊन बसतो आणि त्यातील काही भाग कापडाच्या धाग्यांत अडकून कपडा राखट व राठ करतो. याच बादलीत साबणापूर्वी निर्जल रूपातील साडेसहा ग्रॅम, अथवा स्फटिकरूपातील सतरा-अठरा ग्रॅम धुण्याचा सोडा टाकला तर बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसते आणि साबण आपल्या कामास मोकळा होतो. तात्पुरता कठीणपणा पाणी उकळल्यानेही जातो, परंतु त्यासाठी लागणारे इंधन विचारात घेता सोडा स्वस्त पडतो.

पाण्याच्या या स्वभावाला भूगोल कारणीभूत असतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरी व कूपनलिका, छत्तीसगड किंवा आंध्रातील चुनखडीचे पट्टे, राजस्थान व सौराष्ट्रातील खारवट भूजल येथे दुष्फेन पाणी सर्रास आढळते. कोकण, गोवा आणि केरळातील जांभ्या खडकातील पाणी तुलनेने सुफेन असते. पावसाचे पाणी तर जवळजवळ पूर्णतः सुफेन. पागोळ्यांखाली बादल्या लावून त्या पाण्यात कपडे धुणाऱ्या गृहिणीचा साबण कमी लागतो, यामागे हेच कारण आहे. उन्हाळ्यात टँकरचे अथवा खोल कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या कुटुंबाचा साबणावरील खर्च का वाढतो, हेही यातून उलगडते. पाणीटंचाई अशा रीतीने दुहेरी भुर्दंड लादते.

राख, रिठा आणि अपमार्जके

साबण सार्वत्रिक होण्यापूर्वी देशाच्या निरनिराळ्या भागांनी आपापल्या परिसरातील अल्क शोधले होते. गंगेच्या मैदानातील क्षारपड जमिनीवर साचणारी 'रेह' ही सोडायुक्त माती परीट वापरीत. आसामात केळीच्या सालीची व सोपटाची राख पाण्यात गाळून 'कोलाखार' तयार होई. तो स्वयंपाकातही चाले आणि धुण्यातही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यातून पूर्वी सोडा काढला जात असे. रिठ्याची गोष्ट वेगळी. त्यातील सॅपोनिन हे अल्क नसून नैसर्गिक फेनक आहे. दुष्फेन पाण्यात त्याचा साका होत नाही आणि रेशीम व लोकर या प्राणिज धाग्यांना ते बाधत नाही. तीव्र अल्काने लोकर आटते व रेशमाची झळाळी जाते, म्हणून पैठणी असो वा काश्मिरी शाल, रिठ्याचे पाणी आजही योग्य ठरते.

कृत्रिम अपमार्जकांनी हे चित्र पालटले. भारतात १९५९ मध्ये 'सर्फ' बाजारात आले; १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी 'निरमा' सुरू केली आणि स्वस्त धुलाई पावडर सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचली. अपमार्जकांचे कॅल्शियम क्षार साबणाच्या क्षारांप्रमाणे सहज साकळत नाहीत, त्यामुळे दुष्फेन पाण्यात ती उपयुक्त ठरली. प्रारंभीच्या अपमार्जकांतील शाखायुक्त कार्बन शृंखला जीवाणूंना तोडता येत नसे. युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर साचू लागल्यानंतर १९६० च्या दशकात सरळ शृंखलेची, जैवविघटनशील रसायने प्रचारात आली.

हाताने धुणाऱ्यांच्या दृष्टीने येथे एक मुद्दा महत्त्वाचा आहे. धुलाई पावडरच्या द्रावणाचा सामू सामान्यतः ९ ते ११ असतो. यंत्रात तो फक्त कापडाला लागतो. बादलीत तो तासभर हातांना लागतो. त्वचेवरील स्निग्ध थर निघून जाणे, भेगा पडणे, बोटांच्या बेचक्यांत दाह होणे हे त्याचे परिणाम धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांत नित्याचे आहेत. आणि फेस हे स्वच्छतेचे माप नाही. अधिक फेसासाठी अधिक पावडर घातली जाते, तो फेस काढण्यासाठी अधिक पाणी लागते आणि हातही अधिक वेळ द्रावणात राहतात. जाहिरातींनी रुजवलेली ही समजूत टंचाईग्रस्त गावाला चांगलीच महाग पडते.

भिजवण्याला घाई नसावी. अर्धा-एक तास भिजवल्याने मळ सैल होतो आणि घासण्याचे श्रम घटतात. रक्त, दूध, अंडे यांचे डाग प्रथिनयुक्त असल्याने ते थंड पाण्यातच भिजवावेत; गरम पाण्याने प्रथिन गोठून डाग पक्का होतो.

खळबळण्याचे गणित

धुण्यातील निम्म्याहून अधिक पाणी साबण काढण्यात जाते. समजा, पिळून झाल्यावर कपड्यांत ३ लिटर साबणमिश्रित पाणी उरले आहे आणि खळबळण्यासाठी १५ लिटर स्वच्छ पाणी उपलब्ध आहे. हे सर्व पाणी एकाच वेळी घेतले तर एकूण १८ लिटरमध्ये साबण विखुरतो आणि पिळल्यानंतर कपड्यांत मूळच्या साबणाचा एक-षष्ठांश भाग राहतो. तेच १५ लिटर पाणी पाच-पाच लिटरच्या तीन हप्त्यांत वापरले व प्रत्येक वेळी कपडे पिळले, तर दर वेळी तीन-अष्टमांश साबण उरतो. तीन वेळांचा गुणाकार केल्यास शेवटी सुमारे एक-एकोणिसांश साबण राहतो. पाणी तेवढेच, स्वच्छता तिप्पट. मात्र या बचतीची किंमत मनगटांनी मोजावी लागते, कारण तीनदा खळबळणे म्हणजे तीनदा पिळणेही आले. पाणी आणि श्रम यांतील ही अदलाबदल घरोघरी रोज होत असते. शेवटच्या खळबळीचे पाणी तुलनेने स्वच्छ असल्याने ते पुढच्या घाण्याच्या भिजवणीसाठी ठेवण्याची अनेक घरांतील पद्धत या हिशेबाशी सुसंगत आहे.

वाळवण : सूर्याची न मोजलेली ऊर्जा

हाताने पिळलेल्या सुती कपड्यांत ढोबळमानाने त्यांच्या कोरड्या वजनाइतके पाणी उरते. तीन किलो कपड्यांतील तीन किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ३०° सेल्सिअस तापमानास प्रतिकिलो २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. एकूण उष्णता सुमारे ७,३०० किलोज्यूल, म्हणजेच दोन युनिट विजेइतकी. एवढी ऊर्जा रोज दोरीवरील कपड्यांना सूर्य आणि वारा विनामूल्य पुरवितात. विद्युत शुष्कक वापरणाऱ्या देशांत ती विजेच्या देयकात दिसते. आपल्याकडे ती कोणत्याच ऊर्जा ताळेबंदात दिसत नाही, कारण तिची खरेदी होत नाही.

वाळण्याचा वेग केवळ उन्हावर अवलंबून नसतो. ३०° सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना त्या हवेत आणखी १५ ग्रॅम बाष्पाला जागा असते; ९० टक्के असताना फक्त ३ ग्रॅमला. तीन किलो पाणी सामावून घेण्यास पहिल्या स्थितीत किमान २०० घनमीटर हवा पुरते, दुसऱ्या स्थितीत १,००० घनमीटर लागते. तीन मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या खोलीत जेमतेम २७ घनमीटर हवा असते. जुलै महिन्यात मुंबईच्या चाळीत किंवा रत्नागिरीतील घरात खिडकी मिटून दांडीवर टाकलेले कपडे दोन दिवसांनीही आंबट-ओले का राहतात, याचे उत्तर या संख्यांत आहे. अशा वेळी उष्णतेपेक्षा हवा खेळती ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवणे, जाड कपडे उलटे टांगणे, समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, पंखा लावणे या उपायांनी कापडालगतचा बाष्पसंपृक्त हवेचा पातळ थर दूर होतो. राजस्थानात मे महिन्यात तोच कपडा तासाभरात वाळतो. मेघालयात पर्जन्यकाळात चुलीच्या उबेवर धरावा लागतो.

धाग्याच्या प्रकारानेही फरक पडतो. सुती धागा कोरडा वाटत असतानाही हवेतून वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. स्वस्त कृत्रिम कापडाचा ग्रामीण भागात झपाट्याने प्रसार झाला त्यामागे टिकाऊपणाबरोबरच लवकर वाळण्याचा हा गुणही आहे. ज्याच्याकडे दोनच जोड असतात, त्याच्यासाठी ही बाब साधी नव्हे.

पावसाळ्यातील कपड्यांच्या कुबट वासाचे कारण जीवाणू होत. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की मोराक्झेला ऑस्लोएन्सिस हा जीवाणू धुतलेल्या पण दीर्घकाळ दमट राहिलेल्या कापडावर वाढून हा वास निर्माण करतो. प्रखर ऊन कापड जलद वाळवते व त्यातील अतिनील किरण जीवाणूंना मारक ठरतात, म्हणून चादरी, लहान मुलांची दुपटी व आजारी व्यक्तीचे कपडे उन्हात वाळविणे हा आरोग्याचा भाग आहे. रंगीत कपडे मात्र उलटे करून सावलीत टाकावेत, कारण तेच किरण रंगद्रव्याचेही विघटन करतात. पांढऱ्या कपड्यांच्या निळीमागील तत्त्व निराळे आहे. निळसर छटा कापडाचा पिवळेपणा झाकते. आधुनिक पावडरींतील प्रकाशवर्धक रसायने अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. मळ दोन्हींपैकी कशानेही जात नाही.

आरोग्याच्या या तत्त्वाला समाजाने एक अपवाद केला आहे आणि तो घातक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातील ५० टक्के स्त्रियांनी मासिक पाळीच्या काळात कापड वापरत असल्याचे नोंदविले. त्यांपैकी अनेक जणी जोडीने पॅडही वापरतात. हे कापड साबणाने नीट धुऊन उन्हात पूर्ण वाळवले तर ते पुन्हा वापरण्यास सुरक्षित असते. प्रत्यक्षात लज्जेपोटी ते इतर कपड्यांखाली, माळ्यावर, न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते आणि बऱ्याचदा ओलसरच वापरले जाते. घरातील सर्व कापडांपैकी ज्याला उन्हाची सर्वाधिक गरज, त्यालाच ऊन नाकारले जाते. मासिक पाळी व्यवस्थापनासाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. पुस्तिका वाटण्याइतकेच आडोसा असलेली, ऊन येणारी दोरी हेही आरोग्याचे साधन आहे, ही जाणीव वसतिगृहे व आश्रमशाळा बांधणाऱ्यांना असावयास हवी.

धुण्याचे पाणी जाते कोठे?

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरले जाते. २०११ च्या जनगणनेत ४८.९ टक्के कुटुंबांना सांडपाण्याच्या निचऱ्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. नळ आला पण गटार आले नाही, तर धुण्याचे पाणी रस्त्यावर साचते व डासांची पैदास होते. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनाचा समावेश झाला तो यामुळेच. महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यातील गावांनी घरोघरी शोषखड्डे खोदून उघडी गटारे बंद करण्याचा मार्ग दाखवला. हे पाणी परसबागेला देता येते, परंतु त्यातील सोडियम दीर्घकाळ साचल्यास मातीची रचना बिघडते व पाणी मुरेनासे होते. त्यामुळे साबणाचे पहिले पाणी शोषखड्ड्यात आणि खळबळलेले पाणी झाडांना, अशी विभागणी श्रेयस्कर ठरते.

शहरांत हा प्रश्न जलाशयांपर्यंत पोहोचतो. बंगळूरुचे बेळंदूर सरोवर आणि दिल्लीजवळील यमुनेवरील फेस यांस प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातील अपमार्जके व फॉस्फेट कारणीभूत ठरतात. फॉस्फेटमुळे शैवालाची अतोनात वाढ होऊन पाण्यातील प्राणवायू घटतो; यालाच जलाशयाचे अतिपोषण म्हणतात.

कामाची नोंद आणि त्याचे मोल

राष्ट्रीय लेखा पद्धतीत एक सुप्रसिद्ध विसंगती आहे. घरकामासाठी नेमलेल्या स्त्रीने वेतन घेऊन कपडे धुतले तर ते राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. तेच कपडे गृहिणीने धुतले तर मोजले जात नाही. कुटुंबाने स्वतःसाठी केलेल्या घरगुती सेवा उत्पादनाच्या मान्य सीमेबाहेर ठेवलेल्या आहेत. हे काम किमान दिसावे यासाठी वेळ-वापर सर्वेक्षण केले जाते. १९९८-९९ मध्ये हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत त्याचा प्राथमिक प्रयोग झाला. २०१९ मध्ये पहिले देशव्यापी सर्वेक्षण झाले आणि २०२४ मध्ये दुसरे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कपड्यांच्या निगेचा स्वतंत्र विभाग असून त्यात धुणे एक आणि वाळत घालणे व आत आणणे हे दुसरे, असे वेगळे प्रकार आहेत. दोरीवरचे कपडे पाऊस येण्यापूर्वी आत घेणे हेही काम आहे, हे सांख्यिकीने अखेर मान्य केले.

सहा वर्षांवरील व्यक्तींच्या या सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. ही सरासरी प्रत्यक्ष घरकाम करणाऱ्यांपुरतीच आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये ८१.२ टक्के स्त्रिया असे काम करीत होत्या, पुरुष केवळ २६.१ टक्के. सहभागाचा विचार न करता केवळ मिनिटांची तुलना केल्यास तफावत प्रत्यक्षाहून लहान भासते. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली ती पुरुषांनी उचलली नाहीत, कारण त्यांचीही नऊ मिनिटे घटलेली आहेत.

वेतनावर धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांची स्थिती यापेक्षा फार निराळी नाही. असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियम, २००८ मध्ये त्यांचा समावेश झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा स्वतंत्र कायदा केला. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वीकारलेल्या १८९ क्रमांकाच्या करारास भारताने मतदानात पाठिंबा दिला, परंतु त्याचे अनुसमर्थन केलेले नाही. गृहिणीच्या श्रमाचे पैशातील मोल देशात प्रामुख्याने एकाच ठिकाणी ठरवले गेले आहे, ते म्हणजे अपघात भरपाईचे खटले. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न निश्चित करण्याची आवश्यकता अधोरेखित केली. ज्या स्त्रीच्या कामाचा हिशेब त्या खटल्यात झाला, ती तेव्हा हयात नव्हती.